दारिद्र्यसेवेची आंतरराष्ट्रीय संघटना : संत व्हिन्सेंट द पॉल संस्था व तिची पूर्वपीठिका

कॅथलिक धर्मसंस्थेच्या इतिहासाची मांडणी बहुधा पोप, बिशप, धर्मपरिषदा व संन्यस्तांचे संघ यांच्या अनुरोधाने केली जाते. ज्यांनी दीक्षा घेतली नाही, ज्यांचा संसार, व्यवसाय व नागरिकत्व अबाधित राहिले, अशा प्रापंचिक स्त्रीपुरुषांच्या संघटनांना या मांडणीत दुय्यम स्थान मिळते. दारिद्र्यसेवेच्या क्षेत्रापुरते पाहिले तर हे दुय्यमत्व वस्तुस्थितीशी जुळत नाही. आजमितीस सुमारे दीडशे देशांत पसरलेली आणि आठ लक्षांच्या आसपास सदस्य असलेली संत व्हिन्सेंट द पॉल संस्था ही प्रापंचिकांनी स्थापिलेली व प्रापंचिकांनीच चालविलेली संस्था आहे. तिच्या इतिहासातून दोन प्रश्न उपस्थित होतात. राज्यसत्तेचे पाठबळ नसताना व सदस्यांवर कोणतीही सक्ती नसताना अशी संघटना राष्ट्रांच्या सीमा ओलांडून एकजीव कशी राहिली, हा पहिला प्रश्न. घरोघर जाऊन केलेली ही सेवा दारिद्र्याच्या कारणांपर्यंत पोहोचली की केवळ त्याच्या परिणामांवर फुंकर घालीत राहिली, हा दुसरा. या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने संस्थेच्या विकासाचा येथे परामर्श घेतला आहे.

१. राजाश्रयाखालील पूर्वरूप

प्रापंचिकांनी एका नियमावलीखाली अनेक खंडांत दारिद्र्यसेवा करावी, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात प्रथमच उदयास आली असे नाही. इ. स. १४९८ मध्ये पोर्तुगालची राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने लिस्बन येथे 'मिझेरिकॉर्डिया' या नावाचा बंधुसंघ स्थापन झाला. भुकेल्यास अन्न देणे, बंदिवानास सोडविणे, मृतास मूठमाती देणे इत्यादी जी चौदा दयाकृत्ये ख्रिस्ती परंपरेत सांगितली आहेत, ती सर्व आचरणात आणणे हे या संघाचे ध्येय होते. पोर्तुगीज सत्तेबरोबर ही संस्था पूर्वेकडे आली. सोळाव्या शतकात गोवा, वसई, मकाव आदी ठिकाणी तिच्या शाखा निघाल्या. रुग्णालये चालविणे, कैद्यांना अन्न पुरविणे, अनाथ मुलींच्या विवाहासाठी हुंडा देणे ही तिची कामे होतीच. याखेरीज आशियात मरण पावलेल्या पोर्तुगीजांच्या मालमत्तेची व्यवस्था लावून ती स्वदेशातील वारसांकडे पोहोचविण्याचे कामही तिच्याकडे असे. हे काम विश्वासाचे व हिशेबाच्या काटेकोरपणाचे होते. समुद्रापलीकडील शाखांचा परस्परांवर भरवसा असल्यावाचून ते शक्य झाले नसते.

तथापि या संघटनेची व्याप्ती ही मूलतः साम्राज्याची व्याप्ती होती. जेथवर पोर्तुगालच्या राजाची सत्ता व व्यापार, तेथवरच तिचे जाळे. सदस्यत्वही खुले नव्हते. संघात उच्चकुलीन व कारागीर असे दोन वर्ग केलेले असून पुढील काळातील नियमांत 'शुद्ध रक्ता'ची अटही आढळते. वसाहतीतील समाजाची उतरंड मोडण्याऐवजी ही संस्था त्या उतरंडीचाच एक भाग बनली. राजाश्रयाने तिला पैसा व प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु त्याच राजाश्रयाने तिच्या मर्यादाही आखून दिल्या.

२. शातियोंचा नियम

दुसरी व अधिक निकटची पूर्वपीठिका फ्रान्समधील होय. व्हिन्सेंट द पॉल (१५८१–१६६०) हे गॅस्कनीतील शेतकरी कुटुंबात जन्मलेले धर्मगुरू होते. इ. स. १६१७ मध्ये शातियों या लहानशा गावी ते काम पाहत असताना एक कुटुंब आजाराने अंथरुणास खिळल्याची वार्ता त्यांच्या कानी आली. त्यांनी उपासनेच्या वेळी गावकऱ्यांना आवाहन केले आणि त्याच दिवशी लोकांची त्या घराकडे रीघ लागली. अन्नाचा इतका साठा झाला की त्यातील बराचसा वाया जाणार हे उघड दिसू लागले. आणि काही दिवसांनी पुन्हा उपासमार ओढवणार हेही तितकेच उघड होते. गावात दयेची उणीव नव्हती, व्यवस्थेची होती, हा निष्कर्ष व्हिन्सेंट यांनी या प्रसंगातून काढला.

त्याच वर्षाच्या अखेरीस गावातील स्त्रियांचा एक 'सेवासंघ' रीतसर स्थापन झाला. त्याची नियमावली इतिहासाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावी अशी आहे. सदस्य स्त्रियांनी पाळीपाळीने अन्न शिजवावयाचे, ते रुग्णाच्या घरी न्यावयाचे, जमाखर्च ठेवावयाचा आणि पदाधिकारी आपल्यामधूनच निवडावयाचे, अशी ही योजना होती. ज्या रुग्णाजवळ कोणीतरी माणूस आहे त्याच्याकडे आधी जावे व जो एकाकी आहे त्याच्याकडे शेवटी जावे, म्हणजे त्याच्याजवळ अधिक वेळ बसता येईल, असाही एक निर्देश तीत आहे. सेवेतील वेळ ही सुद्धा वाटून द्यावयाची वस्तू आहे, ही जाणीव त्या काळी विरळाच म्हटली पाहिजे.

असे संघ फ्रान्समध्ये अनेक गावी निघाले आणि १६२९ पासून लुईज द मारियाक यांनी त्यांना भेटी देऊन त्यांची पाहणी करण्याचे काम हाती घेतले. परंतु ही कल्पना पॅरिसमधील उमराव घराण्यांत पोहोचली तेव्हा निराळीच अडचण उभी राहिली. गावातील बाई स्वतः भांडे उचलून शेजारच्या घरी जात असे. राजधानीतील सरदारपत्नी हे काम दासीकडे सोपवू लागली. या अडचणीतून मार्ग काढण्यासाठी खेड्यांतील तरुणींना प्रशिक्षण देऊन १६३३ मध्ये 'सेवाकन्यां'चा संघ स्थापन करण्यात आला. पुढे हा संघ जगभर विस्तारला. मात्र त्याबरोबर प्रत्यक्ष सेवेचा भार प्रापंचिकांकडून व्रतस्थ स्त्रियांकडे हळूहळू सरकत गेला आणि प्रापंचिक स्त्रियांच्या वाट्याला बव्हंशी निधी जमविण्याचे काम उरले. संघटित दयाकार्यात दात्याचे अंतर कसे वाढत जाते, याचे हे लक्षणीय उदाहरण होय. सेवासंघांची परंपरा मात्र फ्रेंच राज्यक्रांतीच्या आघातानंतरही टिकली आणि १९७१ मध्ये या संघांनी 'आंतरराष्ट्रीय सेवासंघ महामंडळ' अशा स्वरूपाची आपली नवी घडण केली.

३. पॅरिस, १८३३

राज्यक्रांतीने जुने बंधुसंघ व व्यवसायसंघ मोडीत काढले. १७९१ च्या ल शापलिए कायद्याने कामगारांच्या संघटनांवर बंदी आणली. १८१० च्या दंडसंहितेने वीसहून अधिक व्यक्तींच्या संघटनेस सरकारी अनुमती आवश्यक केली आणि १८३४ मध्ये हे बंधन अधिकच कडक झाले. एकीकडे उद्योगधंद्यांची वाढ व शहरांतील दाटीवाटी, दुसरीकडे परस्परसाहाय्याच्या जुन्या आधारांचा लोप, अशा कात्रीत श्रमिक वर्ग सापडला होता. लियों येथील रेशीम विणकरांनी १८३१ मध्ये व पुन्हा १८३४ मध्ये उठाव केले. १८३२ च्या पटकीच्या साथीने पॅरिसमध्ये हजारोंचे बळी घेतले. त्यांत दरिद्री वस्त्यांतील लोकांचा भरणा मोठा होता.

याच सुमारास लियोंहून फ्रेदेरिक ओझानाम (१८१३–१८५३) हा विद्यार्थी कायद्याच्या अभ्यासासाठी पॅरिसला आला. त्याचे वडील डॉक्टर होते. पॅरिसमध्ये काही काळ तो सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ अँपिअर यांच्या घरी राहिला. एमान्युएल बेली या प्रकाशकाच्या आश्रयाने भरणाऱ्या इतिहासविषयक चर्चामंडळात कॅथलिक विद्यार्थी व त्यांचे विरोधक यांचे वाद रंगत. सेंट सायमनच्या समाजवादी विचारांचा त्या काळी तरुणांवर पगडा होता आणि ओझानामने स्वतः १८३१ मध्ये त्या मताच्या खंडनार्थ एक पुस्तिका लिहिली होती. अशाच एका वादात प्रतिपक्षाने सवाल टाकला : भूतकाळात ख्रिस्ती धर्माने मोठी कार्ये केली असतील, पण आज तुम्ही गरिबांसाठी काय करीत आहात? या सवालाला ग्रंथाधाराने उत्तर देता येण्याजोगे नव्हते.

२३ एप्रिल १८३३ रोजी बेली यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत ओझानाम, ल तायांदिए, लामाश, क्लावे, लालिए व द्यव्हो हे सहा तरुण जमले. बेली यांनी अध्यक्षपद स्वीकारले. चर्चामंडळाला फ्रेंचमध्ये 'कॉन्फरन्स' म्हणत. तेच नाव या नव्या मंडळाने घेतले व पुढे जगभर प्रत्येक स्थानिक शाखेसाठी तेच रूढ झाले. सदस्यांजवळ उत्साह होता, परंतु गरिबांची घरे त्यांना ठाऊक नव्हती. ती दाखविली मुफ्तार वस्तीत काम करणाऱ्या रोझाली रांदू या सेवाकन्येने. कोणत्या कुटुंबाकडे जावे, तेथे कसे बसावे, पाव व सरपण यांच्या चिठ्ठ्या केव्हा द्याव्यात, हे धडे या विद्यार्थ्यांनी तिच्याकडून घेतले. सतराव्या शतकात प्रापंचिकांच्या हातून जे काम व्रतस्थ भगिनींकडे गेले होते, ते दोनशे वर्षांनी अशाच एका भगिनीने पुन्हा प्रापंचिकांच्या हाती सोपविले, ही घटना या इतिहासातील एक महत्त्वाचे वळण मानावी लागेल.

४. संघटनेची घडण

दीड वर्षाच्या आतच सदस्यसंख्या शंभरावर गेली आणि मंडळाचे विभाजन करावे काय, यावर मतभेद माजले. मैत्रीचा धागा तुटेल या भीतीने अनेकांनी विभाजनास विरोध केला. मंडळ मोठे झाले की मैत्री नाममात्र उरते, अशी ओझानामची भूमिका होती. अखेर १८३५ च्या आरंभी विभाजन मान्य झाले व त्याच वर्षी नियमावली सिद्ध झाली. ती मुख्यत्वे लालिए व बेली यांनी तयार केली.

या नियमावलीतील काही तत्त्वांत संस्थेच्या दीर्घायुष्याचे रहस्य दडलेले आहे. पहिले तत्त्व असे की, लहान कॉन्फरन्स हाच संस्थेचा मूळ घटक. सदस्यांनी ठराविक दिवशी एकत्र यावे, भेटी दिलेल्या कुटुंबांची हकीगत सांगावी, साहाय्य ठरवावे व शेवटी पिशवी फिरवून वर्गणी गोळा करावी. कोणी किती टाकले हे दुसऱ्यास कळू नये. श्रीमंत सदस्याचे वजन वाढू नये व गरीब सदस्यास संकोच वाटू नये, हा या गुप्ततेचा परिणाम. दुसरे तत्त्व प्रत्यक्ष भेटीचे. दान पाठवून द्यावयाचे नाही, नेऊन द्यावयाचे. तिसरे तत्त्व असे की, संस्थेच्या बैठकांत राजकारणास स्थान नाही. चौथे तत्त्व संलग्नतेचे : नवी कॉन्फरन्स कोठेही निघाली तरी तिने पॅरिस येथील सर्वसाधारण मंडळाकडून संलग्नतापत्र घ्यावे व आपल्या कार्याचा अहवाल पाठवावा. स्थानिक कॉन्फरन्सवर मध्यवर्ती मंडळ आपले निर्णय लादीत नसे. पण पत्रव्यवहार अखंड ठेवण्याचा आग्रह धरीत असे. १८४८ पासून संस्थेची पत्रिका निघू लागली आणि दूरदूरच्या शाखांना एकमेकींचे अनुभव वाचावयास मिळू लागले.

या घडणीमुळे प्रसाराचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. शिक्षण संपवून गावी परतणारा विद्यार्थी, बदली झालेला अधिकारी, स्थलांतर करणारा व्यापारी, यांच्यापैकी कोणीही चारसहा स्नेह्यांना घेऊन कॉन्फरन्स काढू शके. १८३५ मध्ये नीम, १८३६ मध्ये लियों व रोम, १८४४ मध्ये लंडन, डब्लिन व मेक्सिको, १८४५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस, १८५४ मध्ये मेलबर्न, असा तिचा प्रवास झाला. १८५३ मध्ये फ्लॉरेन्स येथील भाषणात ओझानामने एकट्या पॅरिसमध्ये दोन हजार सदस्य पाच हजार कुटुंबांना भेटी देतात, असे सांगितले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो मार्सेय येथे निवर्तला.

५. दोन कसोट्या

आंतरराष्ट्रीयत्व केवळ नकाशावर सिद्ध होत नाही. संकटात त्याची पारख होते. अशी पहिली पारख आयर्लंडमध्ये झाली. बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे १८४५ पासून तेथे भीषण दुष्काळ पडला. डब्लिनमधील कॉन्फरन्स तेव्हा अवघ्या एका वर्षाची होती. १८४७ मध्ये सर्वसाधारण मंडळाचे अध्यक्ष ज्यूल गोसँ यांनी निरनिराळ्या देशांतील कॉन्फरन्सना आयर्लंडसाठी निधी जमविण्याचे आवाहन केले. फ्रान्स स्वतः त्या वर्षी धान्यटंचाईने गांजलेला असताना हा निधी उभा राहिला. एका राष्ट्रातील शिंपी, वकील व विद्यार्थी यांनी दुसऱ्या राष्ट्रातील अनोळखी शेतमजुरांसाठी दिलेली ही रक्कम दुष्काळाच्या मानाने अल्पच होती. पण ती कोणत्याही परराष्ट्र खात्याच्या मार्फत न जाता एका कॉन्फरन्सकडून दुसरीकडे गेली, यात तिचे ऐतिहासिक महत्त्व आहे.

दुसरी कसोटी राज्यसत्तेने लावली. तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीत पोपच्या राज्याच्या प्रश्नावरून कॅथलिक वर्ग व सरकार यांचे संबंध बिघडले होते. ऑक्टोबर १८६१ मध्ये गृहमंत्री पेर्सिन्यी यांनी एक परिपत्रक काढले. विखुरलेल्या कॉन्फरन्सना अनुमती मिळेल, मात्र त्यांना जोडणारे मध्यवर्ती मंडळ हवे असेल तर त्याचा अध्यक्ष सरकार नेमील, असा त्याचा मथितार्थ होता. याच परिपत्रकाच्या कक्षेत फ्रीमेसन संघटनाही आली होती व तिने सम्राटाने नेमलेला प्रमुख स्वीकारला. व्हिन्सेंट द पॉल संस्थेचे अध्यक्ष आदोल्फ बोदों व त्यांचे सहकारी यांनी तो मार्ग नाकारला. परिणामी सर्वसाधारण मंडळ विसर्जित झाले व साम्राज्याच्या पतनापर्यंत ते उघडपणे कार्य करू शकले नाही.

सरकारला भय कशाचे वाटले, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. पाव व सरपणाच्या चिठ्ठ्या वाटणाऱ्या मंडळींनी शासनाविरुद्ध कट केल्याचे दिसत नाही. भय होते ते खालपासून वरपर्यंत जोडलेल्या, परदेशांशी पत्रव्यवहार ठेवणाऱ्या व शासनाच्या उपकारावर न जगणाऱ्या संघटनेचे. मिझेरिकॉर्डिया राजाच्या छत्राखाली वाढली. या संस्थेने राजाचे छत्र नाकारून आपले केंद्र गमावले, तरी शाखा टिकविल्या. केंद्र नसतानाही शाखा जिवंत राहिल्या, यातच १८३५ च्या नियमावलीचा विजय दिसतो.

६. दान आणि न्याय

संस्थेवरील सर्वांत गंभीर आक्षेप समाजवादी विचारवंतांनी घेतला. मजुरी अपुरी असेल तर पावाची चिठ्ठी ही अन्यायावरील मलमपट्टी होय. शिवाय सुखवस्तू माणसाने गरिबाच्या घरात शिरून त्याचे वर्तन न्याहाळणे ही एक प्रकारची देखरेखच होय, असा या आक्षेपाचा आशय. त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. गरिबांच्या घरभेटीची पद्धत या संस्थेपूर्वीच द जेरांदो यांच्या १८२० च्या ग्रंथाने प्रतिष्ठित केली होती. पात्र व अपात्र गरीब निवडून काढणे हे या पद्धतीचे एक अंग होते. पुढे १८६९ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या दयाकार्य संघटना सोसायटीने ही निवड जवळजवळ शास्त्राच्या पदवीस नेली. व्हिन्सेंट द पॉल संस्थेच्या कॉन्फरन्समध्येही धर्माचरणाची चौकशी व उपदेश यांचा अंश होता.

परंतु या आक्षेपाचे सर्वांत जवळचे उत्तर व सर्वांत जवळचे समर्थन, दोन्ही ओझानामच्याच विचारांत आढळतात. १८३९–४० मध्ये लियों येथे व्यापारी कायद्यावर व्याख्याने देताना त्याने मजुराला भागीदार न मानता केवळ उपकरण मानणे म्हणजे शोषण, असे प्रतिपादन केले. दान जखम बांधू शकते, पण घाव घालणारा हात थांबविणे हे न्यायाचे काम आहे, हा विचार त्याच्या लेखनात वारंवार डोकावतो. १८४८ च्या क्रांतीनंतर लाकोर्देर व मारे यांच्यासह त्याने 'नवे युग' या अर्थाचे वृत्तपत्र काढले आणि कॅथलिकांनी श्रमिकांच्या बाजूस जावे असे आवाहन केले. जूनमध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर मोर्चेबंदी झाली तेव्हा आर्चबिशप आफ्र यांनी मध्यस्थी करावी म्हणून जे त्यांच्याकडे गेले, त्यांत ओझानाम होता. आफ्र गेले आणि मोर्चेबंदीपाशी गोळी लागून दगावले. त्यानंतर बहुसंख्य कॅथलिक मध्यमवर्ग सुव्यवस्थेच्या पक्षाला मिळाला. ओझानामचे वृत्तपत्रही फार काळ टिकले नाही.

येथे संस्थेच्या अराजकीय नियमाची दुसरी बाजू दृष्टीस पडते. या नियमामुळे संस्था अनेक राजवटींतून तरली, परंतु त्याच नियमामुळे सदस्यांनी घरोघर पाहिलेले वास्तव सार्वजनिक मागणीत परिणत होऊ शकले नाही. भेटीतून मिळणारे ज्ञान व्यक्तीच्या मनात क्रांती घडवी. संस्थेच्या ठरावात ते क्वचितच उतरे. पुढील काळात निरनिराळ्या देशांतील मंडळांनी निवास, कर्ज, निर्वासित यांसारख्या प्रश्नांवर शासनापुढे गाऱ्हाणी मांडण्यास प्रारंभ केला आणि २००३ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीने अन्यायकारक व्यवस्थेच्या विरोधात गरिबांची बाजू मांडणे हे सदस्यांच्या कर्तव्यात गणले. ओझानामच्या विचाराला नियमाचे रूप येण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागला.

७. विसाव्या शतकातील परिवर्तन

आणखी एक उणीव स्त्रियांविषयीची. ज्या परंपरेचा आरंभ शातियोंच्या स्त्रियांनी केला व जिचे पॅरिसमधील शिक्षण रोझाली रांदू यांनी दिले, त्या परंपरेतील ही संस्था मात्र पुरुषांपुरती राहिली. १८५६ मध्ये बोलोन्या येथे चेलेस्तिना स्काराबेल्ली यांनी स्त्रियांची स्वतंत्र समांतर संस्था काढली. ती मूळ संस्थेत विलीन होण्यास १९६७ साल उजाडावे लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीचे फर्मान संमत केले होते. त्यापूर्वी १९५१ व १९५७ मध्ये आणि त्यानंतर १९६७ मध्ये रोम येथे प्रापंचिकांची जागतिक संमेलने भरली. या वातावरणाचा संस्थेच्या पुनर्घटनेस आधार मिळाला, यात शंका नाही.

नेतृत्वाचा भूगोलही बदलला. दीर्घकाळ फ्रेंच असलेले अध्यक्षपद पुढे अन्य देशीयांकडे गेले. २०१० मध्ये सिंगापूरचे मायकेल थिओ व २०१६ मध्ये ब्राझीलचे रेनातो लिमा द ऑलिव्हेइरा त्या पदावर आले. ब्राझील हा आज सर्वाधिक सदस्यांचा देश होय. भारतात एकोणिसाव्या शतकातच कॉन्फरन्स निघाल्या. मुंबई, वसई व गोवा येथील अनेक धर्मग्रामांत त्या कार्यरत आहेत. भारतातील कित्येक कॉन्फरन्स ऑस्ट्रेलिया, आयर्लंड इत्यादी देशांतील एकेका कॉन्फरन्सशी 'जुळ्या' नात्याने जोडलेल्या आहेत. या नात्यात पैसा बहुधा एकाच दिशेने वाहतो, हे खरे. मात्र पत्रव्यवहार व प्रार्थना यांची देवघेव दुहेरी असावी, अशी अपेक्षा असते. ज्या गोव्यात व वसईत मिझेरिकॉर्डियाने साम्राज्याच्या छायेत दयाकार्य केले, तेथेच साम्राज्यावाचून चालणारी ही दुसरी संघटना रुजली, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

व्हिन्सेंट परंपरेतील प्रापंचिक व संन्यस्त संघांनी एकमेकांच्या सहकार्याने काम करण्याचा प्रघातही अलीकडील दशकांत दृढ झाला. शातियोंच्या घटनेस चारशे वर्षे पूर्ण झाली त्या २०१७ साली या सर्व शाखांनी मिळून बेघरांसाठी एक जागतिक आघाडी उभारली. १६१७ मध्ये एका गावातील एका घरापुरता असलेला प्रश्न आता निवाऱ्याच्या हक्काचा प्रश्न म्हणून मांडला जातो.

उपसंहार

प्रारंभी उपस्थित केलेल्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर बरेचसे स्पष्ट दिसते. ओळखीने बांधलेला लहान घटक, नियमाची एकवाक्यता, निर्णयाचे स्वातंत्र्य व पत्रव्यवहाराचे सातत्य यांच्या मेळातून ही संघटना राष्ट्रसीमांपलीकडे टिकली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र संस्थेच्या बाजूने वा विरुद्ध असे एका शब्दात देता येत नाही. घरभेटीने मजुरीचे दर बदलले नाहीत. परंतु मजुरीच्या दराविषयी लियोंच्या व्याख्यानपीठावरून बोलणारा प्राध्यापक त्याच घरभेटीतून घडला. सेवा व न्याय यांच्यातील अंतर या संस्थेने मिटविले असे नव्हे. त्या दोहोंमधील वाट दरिद्री माणसाच्या उंबऱ्यावरून जाते, एवढे मात्र तिच्या इतिहासावरून निश्चितपणे म्हणता येते.